फादर स्टीफन्स यांचें पुराण

ख्रिस्ती धर्माचीं तत्त्वें सामान्य माणसाच्या मनांत कशीं उतरवावयाचीं, हा प्रश्न त्या धर्माइतकाच जुना आहे. सोळाव्या शतकांत युरोपांत या प्रश्नाला एक उत्तर सांपडलें, तें प्रश्नोत्तरीचें. मार्टिन ल्यूथर यांनीं १५२९ सालीं आपली लहान प्रश्नोत्तरी प्रसिद्ध केली, आणि कॅथलिक पक्षानेंही मागें न राहतां त्याच धर्तीचीं पुस्तकें काढलीं. गुरूनें विचारावें, शिष्यानें ठरलेलें उत्तर द्यावें, आणि उत्तरें तोंडपाठ झालीं म्हणजे धर्माचें ज्ञान झालें असें समजावें, अशी ही पद्धति. लहान मुलांना ती चांगली मानवते. परंतु ज्याचें वय पाठांतराचें राहिलें नाहीं, शेतीवाडीचे आणि भाऊबंदकीचे व्याप ज्याच्या पाठीमागें लागलेले आहेत, लहानपणीं ऐकलेल्या कथांनीं ज्याचें मन अगोदरच घडलेलें आहे, अशा प्रौढ माणसानें काय करावें? पंडितांसाठीं लॅटिनमधले भारी ग्रंथ होते, मुलांसाठीं प्रश्नोत्तरी होती. हा मधला माणूस मात्र मधल्यामध्येंच राहिला होता. आज ज्या ग्रंथाविषयीं मला चार शब्द सांगावयाचे आहेत, तो या मधल्या माणसासाठीं मुद्दाम लिहिलेला आहे. आणि आपणां सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, तो मराठींत आहे.

हा ग्रंथ म्हणजे ‘क्रिस्तपुराण’. गोमंतकांतील सासष्टी महालांत रायतूर, म्हणजे आजचें राशोल, या गांवीं जेसुइट पंथीयांचें विद्यालय होतें. त्या विद्यालयाच्या छापखान्यांत १६१६ सालीं तो प्रथम छापला गेला. मुखपृष्ठावरील नांव पोर्तुगीजमध्यें होतें, आणि त्याचा अर्थ ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगांत येण्याविषयींचें प्रवचन, दोन भागांत’ असा कांहींसा होतो. नांव असें पोक्त आणि शास्त्रीय, शिवाय खालीं इन्क्विझिशनची परवानगी! पण पान उलटलें कीं आंत नमन आहे, ओव्या आहेत, अध्यायांना ‘अवस्वरु’ म्हटलें आहे, आणि कवि आपल्या कृतीला सरळ पुराण म्हणतो. पहिल्या पुराणांत छत्तीस अवस्वरु आणि दुसऱ्यांत एकोणसाठ. दोन्ही भाग मिळून ओव्या अकरा हजारांच्या घरांत जातात. म्हणजे विस्तारानें ज्ञानेश्वरीहूनही हा ग्रंथ मोठा आहे.

ग्रंथकर्ता पोर्तुगीज नव्हता. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास जन्मले. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत कॅथलिकांना दिवस वाईट होते. स्टीफन्स रोमला निघून गेले आणि १५७५ सालीं जेसुइट संघांत दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलमध्यें त्यांनीं लिस्बन सोडलें आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्यें ते गोव्यास उतरले. त्या प्रवासाची हकीकत त्यांनीं वडिलांना पत्रानें कळविली. तें पत्र पुढें हॅक्लुट यानें आपल्या प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहांत छापलें. हिंदुस्थानांत येऊन वसति करणारा पहिला इंग्रज म्हणून बहुधा त्यांचेंच नांव घेतलें जातें. त्यानंतरचीं चाळीस वर्षें, १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत, ते याच भागांत राहिले, आणि त्यांतील बहुतेक काळ सासष्टीच्या खेड्यापाड्यांत गेला. इंग्लंडचें पुन्हां दर्शन त्यांना झालें नाहीं.

त्यांचा भाषेचा कान विलक्षण तीक्ष्ण होता. १५८३ सालीं भावाला लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं नमूद केलें आहे कीं, या देशांतील भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीक भाषांशीं मिळतीजुळती आहे. सर विल्यम जोन्स यांचें कलकत्त्याचें सुप्रसिद्ध भाषण झालें १७८६ सालीं. त्याच्या आधीं दोनशें वर्षें हें निरीक्षण एका धर्मोपदेशकानें घरगुती पत्रांत सहज लिहून टाकलें आहे. भाषाशास्त्राच्या इतिहासकारांनीं याची दखल घेतली आहे; परंतु आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें हें कीं, हा मनुष्य येथील बोली केवळ कामापुरत्या शिकला नाहीं. त्यांनीं कोंकणीचें व्याकरण रचलें, तें त्यांच्या पश्चात् दुसऱ्यांच्या हातून वाढून १६४० सालीं छापलें गेलें. कोंकणींत त्यांनीं प्रश्नोत्तरी लिहिली. तीही त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ सालीं, प्रसिद्ध झाली. एकाच लेखणींतून प्रश्नोत्तरी कोंकणींत आणि पुराण मराठींत कां उतरलें, याकडे आपण पुढें येऊं.

त्या आधीं त्या काळची सासष्टी डोळ्यांपुढें आणिली पाहिजे. नाहीं तर या ग्रंथाचें मोल कळणार नाहीं, आणि त्याच्या मागची वेदनाही कळणार नाहीं. १५६० च्या सुमारास येथें धर्मांतराला जोर आला. १५६७ सालीं सासष्टींतलीं देवळें पाडण्यांत आलीं. कित्येक कुटुंबें आपले देव घेऊन खाडीपलीकडे गेलीं. जीं राहिलीं त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं नवा धर्म स्वीकारला. देवळांबरोबर पोथ्याही गेल्या. पोर्तुगालमध्यें ब्रागा येथील ग्रंथालयांत रामायण-महाभारताच्या कथांचीं रोमी लिपींत उतरून घेतलेलीं हस्तलिखितें आजही आहेत. गोमंतकांत काय वाचलें जात होतें हें आपल्याला बऱ्याच अंशीं त्यांवरूनच कळतें. ज्यांनीं पोथ्या हिरावून घेतल्या त्यांच्याच सोबत्यांनीं त्यांच्या नकला करून ठेवल्या, असा हा विचित्र योग आहे. १५८३ च्या जुलैमध्यें कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं पांच जेसुइटांना ठार केलें, आणि पुढें कुंकळ्ळीच्या प्रमुखांना आसोळणें येथें बोलावून पोर्तुगीजांनीं त्यांचा घात केला. स्टीफन्स तेव्हां सासष्टींतच होते. आपल्या सोबत्यांच्या मृत्यूची हकीकत त्यांनीं त्याच वर्षीं भावाला कळविली आहे. सक्तीचा मार्ग कोठें जातो हें त्यांनीं फार जवळून पाहिलें होतें. ते त्या राजवटीचेच एक घटक होते, हेंही विसरूं नये.

आतां ग्रंथाच्या आरंभीं जो प्रसंग घातला आहे तो ऐका. सासष्टींतील एका चर्चमध्यें पाद्री धर्मशिक्षण देत आहेत. श्रोत्यांपैकीं एक ब्राह्मण उठून म्हणतो कीं, आपण शिकवितां तें ठीक आहे. परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण बंद केलींत, मग त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें एखादें पुराण आपण कां करून देत नाहीं? त्यावर पाद्री विचारांत पडतात, आणि पुराण सांगण्यास आरंभ करतात. हा प्रसंग खरोखर घडला कीं कवीनें रचला, याची चर्चा करीत बसण्याचें कारण नाहीं. पौराणिक ग्रंथांत कोणी तरी विचारणारा आणि कोणी तरी सांगणारा असावा लागतो. परीक्षिति विचारतो आणि शुक सांगतात, तशीच ही योजना आहे. पण विचारणाऱ्याच्या तोंडीं घातलेला प्रश्न नुसता सांकेतिक नाहीं. त्यांत तक्रार आहे, आणि ती खरी आहे. ज्याचें ऐकणें बंद झालें त्याची ही मागणी आहे. एका पाद्र्यानें, धर्मखात्याच्या परवानगीनें छापलेल्या ग्रंथांत, ती तक्रार जशीच्या तशी नोंदवावी, याला मी या ग्रंथांतील सर्वांत मोठी गोष्ट समजतों.

त्या ब्राह्मणाला प्रश्नोत्तरी पुरत नव्हती, आणि कां पुरत नव्हती हें स्टीफन्स यांनीं ओळखलें. प्रश्नोत्तरींतले प्रश्न शिष्याचे नसतात. ‘देव किती आहेत? त्यानें मनुष्यदेह कां धारण केला?’ असे प्रश्न गुरूच विचारतो, आणि उत्तर काय यावें हें त्यानेंच ठरविलेलें असतें. जो प्रश्न आपल्या मनांत कधीं उठलाच नाहीं त्याचें उत्तर कितीही अचूक असलें तरी तें जिभेवर राहतें, खालीं उतरत नाहीं. येशू हा तारणारा आहे, असें एखाद्या शेतकऱ्याला सांगितलें तर तो म्हणेल, असेल. पण कशापासून तारणारा? त्याला आधीं बुडणें कळलें पाहिजे.

म्हणूनच पहिलें पुराण एवढें लांबलें आहे. ख्रिस्ताचें नांव घेऊन निघालेल्या ग्रंथांत छत्तीस अध्यायपर्यंत ख्रिस्ताचा जन्मच होत नाहीं! सृष्टीची उत्पत्ति, देवदूतांचें पतन, आदाम आणि एवा यांचें सुख व त्यांचा अपराध, नोहाच्या वेळचा प्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद राजा, भविष्य सांगणारे संदेष्टे, अशी सारी जुन्या करारांतली कथा ओवीओवीनें पुढें सरकते, आणि प्रत्येक टप्प्यावर एकच उणीव अधिकाधिक जाणवूं लागते. मनुष्य एकदां घसरला तो घसरला. राजे येतात, शास्तें येतात, नियम येतात, तरी तो स्वतःच्या बळावर उभा राहत नाहीं. कोणी तरी येणार आहे, असें वारंवार ऐकूं येतें. दुसरें पुराण सुरू होईपर्यंत श्रोता स्वतःच वाट पाहूं लागलेला असतो. मूळ पाप, वचन, तारण हीं पंडितांचीं तीन प्रकरणें; त्यांची व्याख्या कोठें पाठ न करतां त्यानें तीं पार केलेलीं असतात. दुसऱ्या पुराणांत मारियेपासून आरंभ करून येशूचा जन्म, त्याची करणी, त्याचें दुःखभोगणें, मरण, पुन्हां उठणें, स्वर्गारोहण आणि अखेरचा न्याय हा सर्व भाग येतो.

यांतील पुष्कळ कथा मराठी श्रोत्याला तोंडवळ्यानें ओळखीच्या वाटल्या असतील, असा माझा तर्क आहे. मनूच्या नौकेची गोष्ट ज्यानें ऐकली त्याला नोहाचें तारू नवें नाहीं. श्रियाळ-चांगुणेची कथा ऐकून ज्याचे डोळे भरले, त्याला पोटचें पोर देवाला देण्यास निघालेला अब्राहाम परका वाटणार नाहीं. आणि तेथें देवानें हात वेळींच धरला, सुरी चालूं दिली नाहीं, हा फरकही त्याच्या लगेच ध्यानांत येईल. फरक समजण्यासाठीं आधीं साम्य दिसावें लागतें.

येथें एक तुलना सांगण्याजोगी आहे. ट्रेंटच्या धर्मसभेनंतर कॅथलिक देशांत देशी भाषेंतलें बायबल सामान्य माणसाच्या हातीं देण्यावर पुष्कळ निर्बंध आले होते. पोर्तुगीज भाषेंत संपूर्ण नवा करार प्रथम छापून निघाला तो १६८१ सालीं, तोही पोर्तुगालमध्यें नव्हे, ॲम्स्टरडॅमला, आणि प्रॉटेस्टंट भाषांतरकाराच्या हातून. म्हणजे लिस्बनच्या बाजारांतल्या माणसाला जी कथा आपल्या बोलींत सलग वाचावयास मिळत नव्हती, ती सासष्टीच्या कुळंब्याला मराठी ओवींत त्याच्या आधीं पासष्ट वर्षें ऐकावयास मिळत होती.

ऐकावयास, असें मी मुद्दाम म्हणतों. त्या काळीं खेड्यांत अक्षर ओळखणारे थोडे. एकानें वाचावें व दहांनीं ऐकावें, ही पुराणाची रीत. आणि त्या रीतीला ओवीसारखें दुसरें वाहन नाहीं. तीन चरणांना यमक, चौथा मोकळा. म्हणणाऱ्याला दम घ्यावयास जागा आणि ऐकणाऱ्याला अर्थ लावण्यास अवकाश. ज्या वर्षीं स्टीफन्स गोव्यास आले त्याच्या सहा वर्षें आधीं एकनाथांचें भागवत काशीस पूर्ण झालें होतें, आणि ते आल्यानंतर पांचच वर्षांनीं, १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. संस्कृतांतलें ज्ञान प्राकृत जनांना ओवींतून देण्याचा जो उद्योग पैठणांत चालला होता, त्याच्याच बरोबरीनें लॅटिनमधलें ज्ञान त्याच ओवींतून देण्याचा हा उद्योग सासष्टींत चालला होता. दोघांची कधीं गांठ पडली नाहीं. धर्म निराळे, हेतु निराळे. पण अडचण एकच होती, आणि तोडगाही एकच निघाला.

मराठी कां निवडली, याचें उत्तर यांतच आहे. सासष्टीच्या घरांत बोली कोंकणीच होती, म्हणून मुलांची प्रश्नोत्तरी कोंकणींत आली. परंतु देवाच्या गोष्टी गंभीरपणें ऐकावयाच्या त्या मराठींत, असा त्या प्रदेशांतला तेव्हांचा शिरस्ता होता. पुराणाचा सूर मराठीचा, घरगुती संभाषणाचा सूर कोंकणीचा. आज या प्रश्नावरून जे वाद आहेत ते त्या काळाच्या माथीं मारण्याचें कारण नाहीं. स्टीफन्स यांनीं मराठीची जी स्तुति गाइली आहे ती आपल्यापैकीं बहुतेकांच्या कानांवरून गेली असेल. मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पवृक्ष हीं त्यांतलीं सारीं उपमानें मराठी कवींच्या जुन्या कोठारांतलीं आहेत, आणि म्हणूनच ती स्तुति परक्याची वाटत नाहीं. मात्र या स्तुतीपेक्षां ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेंतला एक लहानसा खुलासा मला अधिक मोलाचा वाटतो. ते म्हणतात कीं, हें सर्व मराठींत लिहिलें आहे. परंतु शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांस कळत नाहीं, म्हणून मागल्या कवीश्वरांचे अवघड शब्द पुष्कळसे टाकले, आणि ब्राह्मणांच्या बोलींतले सोपे शब्द ठिकठिकाणीं मिसळून कवित्व सुलभ केलें, तें अशासाठीं कीं या पुराणाचें फळ बहुत जनांस मिळावें.

यांतला मध्यम लोकांचा उल्लेख ध्यानांत घेण्यासारखा आहे. अगदीं अडाणी नव्हे, पंडितही नव्हे. आरंभीं ज्याला मीं मधला माणूस म्हटलें तोच हा. आणि त्याच्यासाठीं काय केलें? विचार कापून लहान केला नाहीं, कथा आखूड केली नाहीं. शब्द तेवढे बदलले. ज्यांनीं कधीं सामान्य वाचकांसाठीं लिहिण्याचा प्रयत्न केला असेल त्यांना ठाऊक आहे कीं बहुधा याच्या उलट घडतें. विषय छाटला जातो, आणि बोजड शब्द मात्र आपल्या जागीं ठाण मांडून राहतात.

पण धर्मशास्त्राचे शब्द बदलणें हें भाजीपाल्याचे शब्द बदलण्याइतकें सोपें नाहीं. प्रत्येक शब्दामागें एक घर असतें. स्वर्गाला स्टीफन्स यांनीं वैकुंठ म्हटलें आहे. श्रोत्याला वैकुंठ तत्काळ समजतें, परंतु त्याला तेथें शेषावर पहुडलेला विष्णु दिसूं लागला तर काय करावयाचें? त्याचप्रमाणें मुक्ति, पुण्य, पाप हे शब्द त्यांनीं निःशंकपणें उचलले. आणि ‘मुक्ति’ म्हणतांच जन्ममरणाच्या फेऱ्यांची आठवण येणारच, हें त्यांच्यासारख्या जाणत्याला कळलें नसेल असें नाहीं. उलट पवित्र आत्म्याला त्यांनीं मराठी नांव दिलें नाहीं. तो ‘स्पिरिता सांतु’ असा लॅटिन वेषांतच ओवींत येतो. चर्चला इग्रेज हा पोर्तुगीज शब्दच ठेवला. येथें त्यांचा हात आंखडला. परका शब्द ही कुलूप घातलेली पेटी. आंत काय आहे तें पाद्री सांगतील तेवढेंच. त्यानें घोटाळा होत नाहीं, पण जवळीकही होत नाहीं. आपला शब्द म्हणजे उघडें दार. त्यांतून आपण बोलाविलेला येतो आणि न बोलाविलेलाही येतो. कोठें दार उघडें टाकावें आणि कोठें कुलूप लावावें, हा निर्णय त्यांनीं शब्दागणिक वेगळा केलेला दिसतो. वैकुंठाच्या बाबतींत त्यांनीं धोका पत्करला, आणि माझ्या मतें तो पत्करण्याजोगा होता. कारण दुसरें पुराण संपेपर्यंत त्या वैकुंठांत कोण राहतो हें कथेनेंच पुरतें सांगून झालेलें असतें.

याच सुमारास मदुरेंत रॉबर्टो दि नोबिली हे दुसरे जेसुइट संन्याशाच्या वेषांत तमिळ व संस्कृत शिकून विद्वान् ब्राह्मणांशीं बोलत होते, आणि त्यांच्या त्या रीतीवरून जो वाद माजला तो १६२३ सालीं पोपनें त्यांच्या बाजूनें निकाल देईपर्यंत शमला नाहीं. स्टीफन्स यांच्या मागून गोव्यांतच एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेसुइटानें संत पीटरवर मराठींत मोठें ओवीबद्ध पुराण रचलें. त्याच्या छपाईस १६२९ सालीं आरंभ झाला. मराठी पोथ्यांचा त्याचा व्यासंग दांडगा होता, परंतु तो व्यासंग त्यानें बव्हंशीं हिंदूंच्या पुराणकथांच्या खंडनांत खर्चीं घातला. खंडन वाचून खंडन करणाऱ्यांना आनंद होतो. ज्याचें खंडन होतें तो मनुष्य मात्र उठून जातो, किंवा उठतां येत नसेल तर मनानें तरी उठतो. स्टीफन्स यांनींही जुन्या देवांना नांवें ठेविलीं नाहींत असें नव्हे. ते त्या काळचे धर्मोपदेशक होते. पण त्यांच्या ग्रंथाचा भार कथेवर आहे.

एका बाबतींत मात्र त्यांना हार खावी लागली. ग्रंथ मराठी, पण अक्षर रोमी! तमिळ अक्षरांचे ठसे तयार होऊन १५७८ सालींच कोल्लम येथें तमिळ पुस्तक छापलें गेलें होतें. मराठीच्या नशिबीं तें नव्हतें. १६०८ सालीं स्टीफन्स यांनीं रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून, मरणापूर्वीं या भाषेंतलीं पुस्तकें तिच्याच अक्षरांत छापलेलीं पाहण्याची इच्छा व्यक्त केली. अक्षरें जोडाक्षरांसह सहाशेंच्या घरांत जातात, पण तीं सुमारें दोनशें सांच्यांत बसवितां येतील, असा हिशेबही त्यांनीं दिला. इतकें बारकाईनें कोणी केव्हां लिहितो? जेव्हां त्यानें रात्री जागून अक्षरें मोजलेलीं असतात तेव्हां. ठसे आले नाहींत. आठ वर्षांनीं पुराण निघालें तें पोर्तुगीज उच्चारांच्या धर्तीवर जुळविलेल्या रोमी अक्षरांत.

१६४९ आणि १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मग वारें फिरलें. १६८४ सालीं व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें फर्मान काढून लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें असें ठरविलें. ज्या सरकारला लोकांच्या तोंडची भाषाच नको झाली, तें त्या भाषेंतलें पुराण कशाला पुन्हां छापील? तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कोठें सांपडत नाहीं.

ग्रंथ जगला तो ऐकणाऱ्यांच्या जिवावर. गोमंतक सोडून दक्षिणेकडे कानडा जिल्ह्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या हस्तलिखित नकला बरोबर नेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या उतरून घेतल्या. मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांना टिपू सुलतानानें १७८४ सालीं श्रीरंगपट्टणास कैद करून नेलें. ती कैद १७९९ पर्यंत चालली. त्या पंधरा वर्षांत पाद्री जवळ नसतां या पुराणाच्या ओव्यांनीं आम्हांला धीर दिला, अशी त्या समाजांत परंपरा आहे. ती अक्षरशः कितपत खरी मानावी हें ज्यानें त्यानें ठरवावें. पण बंदींत असलेल्या माणसांनीं आठवावें असें पुस्तक ओव्यांचेंच असणार, एवढें उघड आहे.

१९०७ सालीं मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनीं जुन्या हस्तलिखितांवरून हें पुराण रोमी लिपींत पुन्हां छापलें, आणि तेव्हांपासून विद्वानांचें लक्ष त्याकडे वळलें. शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून १९५६ सालीं त्याची देवनागरी आवृत्ति काढली. १६०८ सालीं मागितलेलीं अक्षरें अशा रीतीनें साडेतीनशें वर्षांनीं ग्रंथाला मिळालीं. दरम्यान, १९२० नंतरच्या दशकांत जस्टिन ॲबट यांना लंडनमध्यें मार्सडेन यांच्या संग्रहांत एक देवनागरी हस्तलिखित आढळलें होतें. त्यांतली गंमत अशी कीं रोमी पोथ्यांत जेथें लॅटिन-पोर्तुगीज शब्द आहेत तेथें या पोथींत पुष्कळ ठिकाणीं संस्कृत शब्द आहेत. ॲबट यांच्या मतें हीच मूळ प्रत. आधीं कवीनें सारें संस्कृतांतून घेतलें, आणि छापतेवेळीं धर्माधिकाऱ्यांच्या धाकानें कुलुपें लावलीं. दुसऱ्यांचें म्हणणें असें कीं, तीं कुलुपें मागून कोणी तरी, स्टीफन्स यांच्यासारख्याच ध्यासानें, एकएक करून काढलीं. दोन्ही पक्षांना बोलावयास जागा आहे, आणि वादाचा निकाल अद्याप लागलेला नाहीं.